मशीन ‘आई’ दाखवतंय

आमच्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन अडलं की त्याच्या पडद्यावर इंग्रजी दोन अक्षरं लागायची, आय आणि ई. माझा मुलगा मिलिंद याने पहिल्याच दिवशी ती जोडून मोठ्याने वाचली आणि हसला, ‘अरे, मशीन आई दाखवतंय!’ रुचिकाही हसली. रुचिका म्हणजे माझी सून. त्या दिवसापासून मशीन बंद पडलं असं कोणी म्हणेना, ‘आज परत आई दाखवतंय’ असं म्हणायचे. मी शीला पगारे, वय एकसष्ट, त्या घरातली एकमेव आई. मला हा विनोद आवडला नाही, आणि आवडला नाही हे मी भांडी आपटून सांगितलं.

खरं तर मला ते मशीनच आवडत नव्हतं. माझं सगळं आयुष्य उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये गेलं. दहा बाय बाराची खोली, बाहेर मोरी, आणि नळाला पाणी त्याच्या मर्जीने. चार माणसांचे कपडे मी हाताने धुतले, तेही दोन बादल्यांत. मग मिलिंदने बदलापूरला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि टेम्पोत घालून मला इथे आणलं. रुचिकाने स्वतःच्या बोनसमधून हे पुढून दार उघडणारं मशीन घेतलं आणि ड्राय बाल्कनीत ठेवलं. मशीन माझं, असं ती बोलली नाही कधी. पण पुसायची असं की कळायचं.

मिलिंद अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर, रुचिका सकाळी पावणेआठला ठाण्याच्या ऑफिसला. सोसायटीत पाणी येतं साडेदहा ते बारा. म्हणून रुचिका जाताना कपडे, पावडर सगळं आत घालून ठेवायची आणि पाणी आलं की मी बटण दाबायचं. एवढीच माझी नेमणूक. वरून ताकीद, ‘आई, फक्त बटण. बाकी कशाला हात लावू नका.’ पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं ती मला रोज सांगायची.

आमचं खरं वाजलं ते बाथरूममधल्या निळ्या ड्रमवरून. इथे दर शुक्रवारी पाणी बंद असतं, उन्हाळ्यात तर आणखी एखादा दिवस जातो. घरात ड्रम भरलेला नसला तर मला झोप लागत नाही. रुचिकाला त्या ड्रमची किळस. डास होतात, वास येतो, पाहुण्यांसमोर लाज वाटते. ‘आई, ही चाळ नाहीये,’ असं ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, ‘चाळीत निदान माणसं होती.’ त्यानंतर आम्ही आठवडाभर मिलिंदच्या मार्फत बोललो. शेवटी मिलिंदने तोडगा काढला, ड्रम राहील पण नळाचं पाणी त्यात भरायचं नाही, टाकी लवकर संपते म्हणून सोसायटी ओरडते. नळाचं नाही तर कशाचं भरणार, हे त्याने सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये मला उत्तर सापडलं. मशीनच्या मागे एक करडा पाइप वर क्लिपमध्ये अडकवलेला होता आणि तिथून भिंतीतल्या भोकात जात होता. धुतलेलं पाणी तिथून सरळ गटारात. ते बघून माझा जीव तुटायचा. साबणाचं का होईना, पाणी ते पाणी, संडासात ओतायला काय सोवळं लागतं? मी पाइप क्लिपमधून ओढून काढला आणि खाली एका पसरट टबात सोडला. टबातून बादलीत, बादलीतून ड्रममध्ये. काम झालं की पाइप पुसून परत जागेवर. रुचिकाने विचारलं तर सांगायचं, फरशी पुसायचं पाणी साठवते. तिला काही कळत नाही असा माझा समज होता.

आणि काय सांगू, ते मशीन पाणी कसं ओतायचं! कपडे नीट भिजायच्या आधीच टब भरायचा, तोही चांगल्या स्वच्छ पाण्याने. मी ओणवी होऊन बादल्या भरतेय आणि मशीन थांबायचं नाव घेत नाही. मनात म्हणायची, बघा, एवढ्या बोनसचं मशीन आणि पाण्याचा असा नास. नळाला जोर असला तर कपडे धुऊन व्हायचे. जोर कमी असला की वीस-पंचवीस मिनिटांनी टीं टीं टीं, आणि पडद्यावर आय आणि ई. संध्याकाळी रुचिका ओले, साबणाने बुळबुळीत कपडे बाहेर काढायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, ‘माझ्याकडे काय बघतेस? मी फक्त बटण दाबलं.’

तक्रार रुचिकाने नोंदवली. बिल तिच्या नावावर, पण दिवसा घरी मी, म्हणून मोबाईल नंबर माझा दिला होता.

मेकॅनिक आला तो साईनाथ. पस्तिशीचा, काळासावळा, कंपनीचा शर्ट, पाठीला बॅग. वांगणीच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीवरचा. चपला बाहेर काढून आला, ‘मावशी, जरा नळ दाखवा’ म्हणाला. त्याने नळ पाहिला, पाणी आत जातं तिथली बारीक जाळी काढून घासली, मशीन अर्धा तास चालवलं. पाइप त्या वेळी अर्थातच जागेवर होता. मशीन गपचूप चाललं.

‘झालं मावशी. तुमच्या मोबाईलवर हॅपी कोड आला असंल, तेवढा सांगा.’

‘कसला कोड?’

‘चार आकडे. ते टाकल्याबिगर आमचा काम झाला असा धरत नाय कंपनी.’

हॅपी कोड! काम करणारा एक, पैसे घेणारा दुसरा, आणि हॅपी मी व्हायचं. मी म्हटलं, ‘दोन दिवस मशीन चालू दे. मी हॅपी झाले की कळवीन.’ तो हसला आणि निघून गेला. दुसऱ्याच दिवशी मशीनने आई दाखवली.

पुढच्या आठवड्यात तो परत आला तेव्हा हसला नाही. म्हणाला, पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह बदलून बघतो. त्याने बॅगेतून नवा खोका काढला आणि माझी नजर खोक्यावरच्या स्टिकरवर गेली. स्टिकर वाकडा होता.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. कॅम्प पाचमध्ये मी बावीस वर्षं जीन्सच्या कारखान्यात काम केलं. आधी धागे कापायचे, मग बढती मिळून लेबलं लावायची. कंबरेवर मागे जो चामड्याचा तुकडा असतो ना, तो. सकाळी एका कंपनीचा, जेवून आल्यावर दुसऱ्या कंपनीचा, पँट तीच. आमचे सिंधी शेठ मागे उभे राहून सांगायचे, ‘साईं, लेबल सीधा तो माल ओरिजिनल.’ वाकडं लेबल मला दहा फुटांवरून दिसतं. खरं-खोटं ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी अख्ख्या जगाला सांगत आले होते.

‘हे सामान कुठून आणतोस?’ मी विचारलं.

‘ऑफिसातून. अंबरनाथला, शिवमंदिरच्या रस्त्याला हाय ऑफिस.’

‘आणि तिथून उल्हासनगर किती लांब?’

त्याचा हात थांबला. त्याला समजलं मी काय म्हणतेय ते. उल्हासनगरात काय काय डुप्लिकेट बनतं हे या पट्ट्यात कोणाला सांगावं लागत नाही.

‘मावशी, असला धंदा मी करत नाय.’

‘करणारे असंच बोलतात. जुना काढलेला व्हॉल्व्ह इथेच ठेवून जा.’

त्याने जुना व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. नवा बसवला, मशीन चालवून दाखवलं. मग घाम पुसत उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘मावशी, एकाच मशीनची तिसरी कम्प्लेंट गेली ना, तर माझा आयडी बंद करतात. आयडी बंद म्हंजे काम बंद. आठ वर्सं झाली मला इथं. घरी दोन पोरी हायत. काय प्रॉब्लेम आला तर कंपनीला नका लावू, मला फोन करा, मी सुट्टीच्या दिवशी येईन.’

मी म्हटलं, ‘पोरी सगळ्यांनाच असतात.’

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने. त्या दिवशीही कोड दिला नाही.

तीन दिवसांनी नळाला जोर नव्हता. मी टब लावून बसले होते, मशीनने पाणी ओतलं, ओतलं आणि बोंब मारली. आय, ई. माझं डोकंच फिरलं. साईनाथचा नंबर कागदावर समोर होता. तो बाजूला ठेवून मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत बोलत होती. ‘मॅडम, आप टेक्निशियन के खिलाफ शिकायत दर्ज कराना चाहती हैं?’ मी म्हटलं, ‘हां, कराना है. उसने ओरिजिनल निकाल के डुप्लिकेट डाला. मेरेको मालूम पडता है, मैंने खुद लेबल लगाया है बाईस साल.’ तिला लेबलाचं काही कळलं नाही, पण बाकीचं तिने लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शनिवारी दोघे आले, साईनाथ आणि त्याचा सुपरवायझर राजेश. रुचिकाला सुट्टी होती, ती हाताची घडी घालून बाल्कनीच्या दारात उभी राहिली. साईनाथने मला नमस्कार केला नाही. ‘मॅडम, जरा बाजूला व्हा,’ म्हणाला. मावशीची मॅडम झाले तेव्हाच मला समजलं की याला सगळं कळलंय.

राजेशने मशीनचं वरचं झाकण उघडलं, व्हॉल्व्हवरचा नंबर वाचला, फोनमध्ये टाकला आणि स्क्रीन आमच्यासमोर धरली. ‘पार्ट कंपनीचाच आहे, मॅडम. सिस्टीममध्ये आहे. जुनापण कंपनीचा, नवापण कंपनीचा.’

‘मग स्टिकर वाकडा कसा?’

‘आजी, गोडाऊनमध्ये हाताने चिकटवतात. घाईत होतं.’

रुचिकाने माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांची माझी विद्या त्या एका वाक्यात निघाली. मी जुना व्हॉल्व्ह पदराखाली घट्ट धरून उभी राहिले.

राजेशने मशीन लावलं. पाणी आलं, आतला ड्रम फिरायला लागला, सगळं कसं छान. साईनाथ मात्र मशीनच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो खाली बसून मागचा पाइप बघत होता. मागे सगळीकडे धूळ होती, फक्त पाइप आणि क्लिप स्वच्छ. क्लिपचा एक दात वाकला होता. मग त्याने कोपऱ्यातला टब पुढे ओढला आणि आतून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. तो उठला.

‘मॅडम, तुम्ही हा पाइप खाली टबात सोडता का?’

त्याने राजेशला सांगितलं, पण माझ्याकडे बघत. ‘पाइप वर पायजे. खाली सोडला की पाणी येतं तसंच निघून जातं, मशीनच्या पोटात राहतच नाय. मशीनला वाटतं नळाला पाणी नाय. म्हणून ते एरर देतं. नळाला जोर असंल तर भरतं, नसंल तर नाय. दोन महिने हेच चाललंय.’

मला एका क्षणात सगळं कळलं. ते स्वच्छ पाणी, तो न थांबणारा टब, जोर नसलेले दिवस. मशीन पाणी खात नव्हतं, मीच त्याच्या पोटातून काढून घेत होते. आणि पडद्यावर ते जे दाखवत होतं ते अगदी बरोबर होतं. मी रुचिकाकडे पाहिलं. हिच्यासमोर हे कबूल केलं तर दिवाळीपर्यंत पुरेल. बहिणीला फोन करून सांगेल, ऑफिसात सांगेल, ड्रम भंगारवाल्याकडे जाईल, आणि यापुढे या घरात मी बटणसुद्धा दाबायच्या लायकीची राहणार नाही.

‘मी कशाला हात लावू?’ मी म्हटलं. ‘मला फक्त बटण दाबायचं माहीत आहे.’

‘मावशी.’ तो पुन्हा मावशी म्हणाला. एक पाऊल पुढे आला. ‘खरं सांगा. मी तुम्हाला काय बोलणार नाय. आमच्या वाडीवर बी पाणी असंच साठवतात, त्यात काय चोरी नाय. निसतं हो बोला, माझा काम वाचंल.’

त्याला काय हवं होतं हे मला माहीत होतं. एक ‘हो’ हवा होता.

‘नाही म्हटलं ना एकदा,’ मी म्हणाले.

आणि मग रुचिका पुढे आली. मला वाटलं, आता माझी धिंड निघणार. ती माझ्या आणि साईनाथच्या मधे उभी राहिली आणि त्याच्यावर तुटून पडली. ‘एक मिनिट. तुम्ही माझ्या सासूबाईंना खोटं ठरवताय? माझ्या घरात उभं राहून? तीन वेळा येऊन तुम्हाला मशीन जमत नाही आणि आता म्हाताऱ्या माणसावर ढकलताय? त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाही. राजेश, हा माणूस मला या घरात परत नकोय. मी आत्ता ईमेल करते.’

‘मॅडम, मी कोणाला खोटा बोललो नाय, मी फक्त…’

‘साईनाथ, बॅग उचल,’ राजेश म्हणाला. ‘कस्टमरसे बहस नहीं. चल.’

साईनाथने हत्यारं गोळा केली. दारात चपला घालताना तो एकदा मागे वळला. मी जुना व्हॉल्व्ह त्याच्यासमोर धरला, तेवढंच मला सुचलं. व्हॉल्व्ह न घेताच तो जिना उतरला.

रुचिकाने दार लावलं, आत जाऊन आल्याचा चहा केला, दोन कप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. चार वर्षांत पहिल्यांदा. ‘मनाला लावून घेऊ नका, आई. अशी माणसं असतात,’ म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला रडू आलं. तिला वाटलं, अपमानाने. मी तसंच वाटू दिलं. तो हात मला हवा होता. चार वर्षं हवा होता, आणि तो असा मिळाला होता.

त्याच संध्याकाळी टाकीत उरलेलं थोडं पाणी नळाला होतं तेव्हा मी मशीन लावलं. पाइपला हात लावला नाही. कपडे स्वच्छ निघाले. रात्री जेवताना रुचिका मिलिंदला म्हणाली, ‘आईंनी कंपनीची पाठ सोडली नाही म्हणून झालं हे. माझ्याच्याने नसतं झालं.’ मिलिंद म्हणाला, ‘म्हणजे आता मशीन आई दाखवणार नाही?’ तर ती त्याला म्हणाली, ‘बस झाला तो जोक.’ माझ्या बाजूने! मला आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

रविवारी सकाळी मी बुद्धविहारात गेले. दर रविवारी जाते. पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं आवाज चढवून म्हटली. चौथं आलं, मुसावादा, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाजच निघेना. आजूबाजूच्या बाया म्हणून पुढे गेल्या. शेजारच्या जनाबाईने कोपराने ढोसलं, ‘शीलाताई, बरं नाय का वाटत?’ मी मान हलवली. लहानपणापासून म्हणत आलेले ते शब्द, आणि माझं नावच शीला. मला स्वतःची इतकी चीड आली की मी वाटपाची खीर न घेता घरी आले.

सोमवारी सगळे कामाला गेल्यावर रिक्षा करून अंबरनाथला गेले. सोमवार म्हणून शिवमंदिराकडे दर्शनाची गर्दी, बेल-फुलांच्या टोपल्या रस्त्यावर आलेल्या. एका झेरॉक्सच्या दुकानावर मशीन कंपनीच्या एजन्सीची पाटी दिसली. मी कठडा धरत वर गेले.

साईनाथ तिथेच होता. टेबलावर त्याची बॅग उघडी पडली होती, बाजूला कंपनीचे दोन शर्ट घडी करून ठेवलेले. तो एकेक हत्यार काढून देत होता आणि राजेश यादीवर खूण करत होता. मला बघून दोघे थांबले. मला कोणी बसा म्हटलं नाही.

‘तो पाइप मी काढत होते,’ मी उभ्यानेच सांगितलं. ‘एप्रिलपासून. रोज. हा बरोबर बोलत होता.’

राजेशने पेन खाली ठेवलं. ‘आजी, शनिवारी मी तुमच्यासमोर उभा होतो.’

‘शनिवारी खोटं बोलले.’

‘आणि आता त्याचा आयडी बंद झाला, सामान जमा होतंय, तेव्हा सांगताय?’

‘हो.’

साईनाथ माझ्याकडे बघत नव्हता. हातातला टेस्टर उलटसुलट करत होता. राजेशने डोकं खाजवलं. म्हणाला, माझी तक्रार मी मागे घेतली तरी उपयोग नाही. आयडी बंद झाला तो रुचिकाच्या ईमेलवर. त्यात तिने लिहिलंय की टेक्निशियनने घरातल्या वृद्ध स्त्रीचा अपमान केला. बिल तिच्या नावावर, ईमेल तिचा, तिनेच मागे घ्यायला हवा. तोंडी सांगितलं तरी चालेल, ऑफिसच्या फोनवर रेकॉर्ड होतं.

‘लाव फोन,’ मी म्हटलं.

‘आत्ता?’

‘आत्ताच. घरी गेले तर माझं धैर्य टिकायचं नाही.’

त्याने नंबर फिरवला, एक बटण दाबलं आणि फोन टेबलावर माझ्यासमोर सरकवला. रुचिकाचा आवाज खोलीभर आला. ‘हॅलो?’

‘रुचिका, मी आई बोलतेय. अंबरनाथला, मशीनवाल्यांच्या ऑफिसात आहे.’

‘तिथे कशाला गेलात? काय झालं?’

‘तो पाइप मी काढत होते. ड्रम भरायला. त्या माणसाची काही चूक नव्हती. मी तुझ्यासमोर खोटं बोलले.’ मी फोनच्या आणखी जवळ वाकले. ‘तू तुझा ईमेल मागे घे.’

मग ती बोलली, आवाज खाली घेऊन, ऑफिसात आजूबाजूला कोणी असेल म्हणून.

‘आई, मला माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘ड्रममधलं पाणी फेसाळ असतं, आई. मी रोज त्याच पाण्याने संडास धुते. नळाला काय साबण येतो? पाइपमुळे एरर येतो हे माहीत नव्हतं. पण त्याने विचारलं तेव्हा मला लगेच कळलं की तुम्हीच.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही नाही म्हणालात. बाहेरच्या माणसांसमोर तुम्हाला खोटं पाडू? चार वर्षं मला ऐकवताय, मी तुमची बाजू घेत नाही. एकदा घेतली.’ मग म्हणाली, ‘जाऊ द्या ना आता. त्याचं काय, त्याला कुठेही काम मिळेल. आपल्याला एका घरात राहायचंय.’

मी फोनकडे हात नेला, पण तो बंद कसा करायचा ते मला येत नव्हतं. राजेश पुढे वाकला. ‘मॅडम, राजेश बोलतोय. कॉल स्पीकरवर आहे. साईनाथ इथेच आहे.’

मग रुचिका म्हणाली, ‘मी ईमेल मागे घेते,’ आणि फोन ठेवला.

खाली रस्त्यावर कोणीतरी बेल, बेल ओरडत होतं. राजेशने यादी बाजूला सारली. ‘साईनाथ, बॅग भर परत. मी वर कळवतो. आठवडा जाईल, पण होईल काहीतरी.’

‘नको. यादी पुरी कर,’ साईनाथ म्हणाला. त्याने टेस्टर टेबलावर ठेवला, मग पान्यांचा संच काढून त्याच्या शेजारी ठेवला.

मी त्याच्यासमोर हात जोडले. ‘माझं चुकलं रे. मी खोटी, मी कबूल करते ना आता.’

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं.

‘शनिवारी तुमच्या बाल्कनीत तुम्हाला खरं ठाऊक होतं, मॅडमला ठाऊक होतं आन मला ठाऊक होतं,’ तो म्हणाला. ‘तिघांना ठाऊक, आन त्यात खोटा मी एकटाच ठरलो.’